आभाळात गेली, पण कुणाबरोबर?

आधी वासाचं बोलू, भानगडींकडे मग वळू.

१९ सप्टेंबर १७८३. व्हर्सायच्या राजवाड्यासमोर सोळावा लुई, राणी मारी आंत्वानेत आणि अत्तरात बुचकळून काढलेला अख्खा दरबार जमलेला. आणि त्यांच्या पुढ्यात मचाणाखाली काय पेटवलेलं? ओला पेंढा, लोकर, जुने जोडे आणि वर सडकं मांस! राजा-राणी हौसेनं जवळ गेले आणि वासानं हैराण होऊन माघारी फिरले, असं सांगतात. हा उपद्व्याप कुणाचा, तर आनोने गावच्या माँगोल्फिए बंधूंचा. घरचा कागदाचा धंदा, चांगला बसलेला. पण दोघांतल्या थोरल्या जोसेफच्या डोक्यात शिरलं की धुरातच काहीतरी वर नेणारं असतं. धूर जितका दाट नि घाणेरडा, तितकी पिशवी झोकात चढते. खरं तर आतली हवा तापून विरळ होते आणि बाहेरची जड हवा तिला वर ढकलते, एवढाच मामला. जोड्यांची काही गरज नव्हती. पण पिशवी उडत होती ना! उडणाऱ्याला कोण काय शिकवणार?

त्या दिवशी पिंजऱ्यातून वर गेले ते एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. आठेक मिनिटांनी जवळच्या जंगलात उतरले, तिघेही जिवंत. कोंबड्याचा पंख तेवढा दुखावलेला. झालं! विद्वानांत चर्चा सुरू: उंचावरची हवा बाधली का? शेवटी कळलं की उडायच्या आधीच मेंढीनं त्याला लाथ मारली होती. म्हणजे मानवजातीच्या गगनविहाराचा श्रीगणेशाच मुळी जागेवरून झालेल्या धक्काबुक्कीनं झाला. पुढे काय काय होणार, हे मेंढीनं तेव्हाच सांगून टाकलं होतं.

पुढचा प्रश्न माणसांचा. राजानं सुचवलं, तुरुंगातले दोन कैदी बसवा. मेले तर मेले, वाचले तर सोडून देऊ. यात वावगं काय होतं, तुम्हीच सांगा. पण पिलात्र द रोझिए नावाच्या एका उत्साही गृहस्थाच्या मस्तकाला झिणझिण्या आल्या. आभाळात पहिलं पाऊल टाकायचा मान आणि तो चोर-दरोडेखोरांना? हा मनुष्य पॅरिसमध्ये शास्त्रीय प्रयोगांची शाळा चालवायचा आणि तोंडात हायड्रोजन भरून तो ज्योतीवर फुंकून दाखवायचा. अशा माणसाला कुठं पाठवायचं हे एरवी कुणीही सांगितलं असतं. पण त्यानं वशिला लावला. साधासुधा नव्हे, राणीच्या जिवलग मैत्रिणीचा, म्हणजे डचेस द पोलिन्याक बाईंचा. सोबत एक सरदार हवा म्हणून मार्की द'आर्लांद आले. दरबारात उठबस असलेला माणूस असला की परवानगी सुटते, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

२१ नोव्हेंबरला दोघं उडाले. निळं कापड, त्यावर सोनेरी सूर्य, राशिचक्र, राजाची चिन्हं. मखर म्हणावं तर मखर. करणारा कोण? रेव्हेयाँ, भिंतींना लावायचे शोभेचे कागद बनवणारा कारखानदार. आणि या मखराच्या मध्ये शेगडी, कडेनं सज्जा. वजनाचा तोल राहावा म्हणून एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मध्ये कापडाची भिंत, एकमेकांचं तोंड दिसायची सोय नाही. खाली पॅरिस पसरलेलं, सीन नदी वळणं घेत चाललेली, आणि मार्की महाशय पेंढा टाकायचं विसरून बघतच राहिलेले! पिलात्रनं पलीकडून खडसावलं की असंच बघत बसलात तर खाली नदीत जाल. आता हे मला आक्षेपार्ह वाटत नाही, उलट तेवढंच एक माणसासारखं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माणूस सुटा होऊन वरून आपलं गाव बघतोय, त्यानं पेंढा काय टाकायचा? पण आगीनं कापडाला भोकं पडायला लागली होती. ओले बोळे घेऊन ती विझवत, पेंढा टाकत, एकमेकांवर ओरडत दोघं पंचवीस मिनिटांनी शहराच्या दुसऱ्या कडेला, पवनचक्क्यांच्या मधे उतरले. पिलात्रनं कोट काढून ठेवला होता. तो लोकांनी पळवला आणि फाडून तुकडे वाटून घेतले. अंगात सदरा, बाहेर नोव्हेंबरची थंडी. इतिहासातला पहिला वैमानिक घरी कोटाशिवाय गेला.

इकडे दहा दिवसांत दुसरा पक्ष उभा राहिला. प्राध्यापक झाक शार्ल. यांच्याकडे धूरबीर काही नाही. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून हायड्रोजन काढायचा. यांचा माणसाशिवायचा पहिला गोळा ऑगस्टमध्येच गोनेस गावच्या शिवारात पडला होता. गावकऱ्यांनी बघितलं तर हे मोठं धूड फुसफुसतंय, हलतंय, वर घाण वास. दाताळी, काठ्या घेऊन तुटून पडले आणि उरलेल्या चिंध्या घोड्याच्या शेपटीला बांधून गावभर फिरवल्या. सरकारला पत्रक काढावं लागलं की असले गोळे दिसले तर घाबरू नका, उलट पुढे समाजाला उपयोगी पडतील. (कशाला, ते पत्रकात नीट सांगितलेलं नाही.) आता पॅरिसमध्ये दोन तट: धुरवाले आणि हायड्रोजनवाले. चहाच्या पेल्यावरून भांडणं. १ डिसेंबरला शार्ल स्वतः एका सोबत्याला घेऊन तुइलेरी बागेतून निघाला, तर खाली लोटलेली गर्दी चार लाखांची होती म्हणतात. निघण्याआधी त्यानं एक लहानसा हिरवा फुगा माँगोल्फिएच्या हाती देऊन त्याला तो सोडायचा मान दिला. किती हा मानभावीपणा! पण खरी मेख पुढे. दोन तासांनी खाली उतरून सहप्रवाशाला सोडलं आणि हलका झालेला गोळा शार्लला एकट्यालाच घेऊन सुसाट वर गेला, तीन हजार मीटरच्या आसपास. नुकताच मावळलेला सूर्य त्याला परत दिसला आणि पुन्हा मावळताना दिसला. एका दिवसात दोन सूर्यास्त! कानात मात्र असा ठणका लागला की उतरल्यावर हा पठ्ठ्या पुन्हा कधी म्हणून बलूनमध्ये बसला नाही. मला हा शार्ल फार आवडतो. एकदा गेला, बघून आला, पुरे.

बाकीच्यांना मात्र पुरे म्हणणं माहीतच नव्हतं. जानेवारी १७८४मध्ये लियाँला भला मोठा बलून तयार झाला. कापडाची अवस्था अशी की कमी माणसं घ्या, म्हणून कारागीर विनवण्या करत होते. सरदारपुत्र आधीच टोपलीत चढून बसलेले. उतरा म्हटल्यावर त्यांनी पिस्तुलं काढली, असं सांगतात. त्यात ऐनवेळी आणखी एकजण उडी मारून आत शिरला. झाले सात. वर कापड फाटलं आणि मंडळी धाडकन खाली आली. कोणाचं काही बिघडलं नाही, हीच काय ती चीड आणणारी गोष्ट. मार्चमध्ये पॅरिसला ब्लांशार नावाचा उडाणटप्पू निघायच्या बेतात असताना लष्करी शाळेचा एक पोरगा तलवार उपसून धावला: मला घेऊन चला! नाही म्हटल्यावर बलूनच्या दोऱ्यांवर वार, ब्लांशारच्या हाताला जखम. आणि पुढे लोकांनी उठवलं की तो पोरगा म्हणजे नेपोलियन. नेपोलियन नव्हताच तो, नाव दुसरंच होतं. पण खोटी बातमी जास्त रुचकर असली की खरी कोण विचारतो?

राजघराणंही मागे नाही. ड्यूक द शार्त्र जुलैमध्ये वर गेले. वाऱ्यानं बलून भलताच गरगरला, झडप अडकली, तर ड्यूकनी निशाणाच्या काठीनं कापडालाच भोसकलं आणि वायू जाऊ देऊन खाली आणलं. कदाचित सगळ्यांचे जीव वाचवले. पण पॅरिसनं काय म्हणावं? घाबरला! महिनाभर चेष्टा. मरून दाखवला असता तर पुतळा उभारला असता.

आणि ज्यांना बसायला मिळालं नाही ते काय हात बांधून बसले? छे. बायकांच्या केसांचे बलून झाले, पंख्यावर बलून, तपकिरीच्या डबीवर बलून, खुर्चीच्या पाठीवर, ताटल्यांवर, घड्याळांवर, कोटाच्या गुंड्यांवर बलून. वर कधी पाय नाही ठेवला, पण डोक्यावर आख्खा बलून वागवतायत. तुम्ही म्हणाल, अठराव्या शतकातली माणसं, वेडी. मग तुर्कस्तानात कपाडोक्याला काय चाललंय? आपल्याकडची मंडळी सहलीला जातात, पहाटे चारला उठतात, कुडकुडत गाडीत बसतात, इथपर्यंत ठीक. गोरेमे गावच्या गच्चीवर भाड्यानं लांबलचक शेपटाचा लाल झगा मिळतो, तो घालायचा, एकानं शेपूट हवेत उडवायचं, दुसऱ्यानं मागे शेकडो बलून येतील असा फोटो काढायचा. यातल्या कितीतरी जणी बलूनमध्ये चढतच नाहीत! झगा फोटोपुरता, आभाळ पार्श्वभूमीपुरतं. फोटो मात्र अख्ख्या नातेवाईकांच्या ग्रुपवर. आणि ज्या खऱ्याच बसून येतात त्या सांगतात काय, तर टोपलीत खण कसे होते, शेजारी कोण आलं आणि उतरताना गुडघे वाकवून दोऱ्या धरून कसं बसवलं. दऱ्या, खडकांचे सुळके, उगवता सूर्य यांचं शेवटी एक वाक्य: ‘छान होतं.’ मध्ये लोणावळ्याजवळ कामशेतलाही बलून उडू लागले होते, तेव्हाही पहिला प्रश्न हाच ऐकू यायचा की डोक्याला किती पडले.

लंडनला तर कहरच झाला. तिथे नेपल्सच्या वकिलातीतला देखणा चिटणीस व्हिन्चेंझो ल्युनार्दी. १५ सप्टेंबर १७८४ला तो मांजर, कुत्रा आणि कबुतर घेऊन उडाला. बिचाऱ्या मांजराला थंडी बाधली, तर त्याला हर्टफर्डशरमध्ये एका शेतात उतरवून ठेवलं आणि स्वारी पुन्हा वर. वरून त्याच्या हातचं वल्हं खाली पडलं. (हवेत वल्हं कशाला? नाव चालते म्हणून बलूनही चालेल, हा हिशेब.) एका बाईला वाटलं माणूसच पडला, तिनं अशी हाय खाल्ली की काही दिवसांत गेलीच. ल्युनार्दीला हे कळलं तेव्हा एका न्यायाधीशानं त्याची समजूत घातली म्हणे, की त्याच दिवशी त्यानं एका तरुणाचे प्राणही वाचवले: आरोपीच्या खटल्यात पंच बसलेले, बाहेर बलून आल्याचा गलका झाला, आणि बघायला पळता यावं म्हणून त्यांनी त्याला चटकन निर्दोष सोडला! आता हे खुद्द ल्युनार्दीच सांगतो, म्हणजे किती खरं ते तुम्हीच ठरवा. बायका मात्र खुळावल्या. ल्युनार्दी टोप्या निघाल्या, फुगीर, डोक्यावर डुलणाऱ्या. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीनं तर चर्चमधल्या अशाच एका ल्युनार्दी टोपीवर चढत चाललेल्या उवेवर कविता केली. फॅशनचं याहून चोख प्रशस्तिपत्र कुणाला मिळालंय?

आणि आता, हळू बोला, मिसेस सेज.

लेतिशिया सेज, रंगभूमीवरची नटी. अंगानं भरलेली, वजन दोनशे पौंडांच्या वर, म्हणजे नव्वदच्या पुढे किलो. हे मी सांगत नाही; बाईंनी स्वतः छापून सांगितलंय. ल्युनार्दीनं ठरवलं की २९ जून १७८५ला आपण, मिसेस सेज आणि जॉर्ज बिगिन नावाचा श्रीमंत तरुण असे जायचे. हा बिगिन आधीच्या सप्टेंबरात ऐनवेळी मागे राहिलेला. वायू कमी पडला होता. बाई चढल्या, बिगिन चढला, ल्युनार्दी चढला. बलून जागचा हलेना. बाईंचं वजन विचारायचं ल्युनार्दीला सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही धीर झाला नव्हता. सज्जन माणूस, गुपचूप स्वतःच खाली उतरला. उरले दोघं. नटी आणि तरुण. आभाळात. एकटे!

घाईत टोपलीचं दार नीट बांधलं नव्हतं. वर गेल्यावर बाई ते बांधायला गुडघ्यांवर, हातांवर ओणव्या झाल्या, आणि बलून नेमका लंडनच्या वर्दळीच्या रस्त्यांवरून चाललेला. खालून हजारो माना वर. बाई दिसेनात! कुणी म्हणालं घेरी आली, कुणी म्हणालं... जाऊ दे काय म्हणालं ते, लंडनचे क्लब आठवडाभर तेच म्हणत होते. वर बाई आणि बिगिन मजेत कोंबडी, हॅम खात होते, वाइन पीत होते आणि रिकाम्या बाटल्या खाली भिरकावत होते. आणि कुजबुज कशाची, तर दाराच्या दोरीची! बाटल्या कुणाच्या डोक्यात पडल्या असत्या तर? त्याची एकाला चिंता नाही. उतरले हॅरोजवळ, गवताच्या शेतात. शेतकरी संतापून अंगावर आला, कारण गवत कापायचं बाकी. सुटका कुणी केली, तर हॅरो शाळेच्या पोरांनी. वर्ग सोडून पळालेली असणार, आणखी काय. बाईंनी मग सगळी हकिकत पत्राच्या रूपात छापली आणि ती हातोहात खपली. म्हणजे खाली बसून जे बोलले ते फुकट बोलले. बाईंनी त्याचेच पैसे केले. मला तर वाटतं सगळ्या लंडनमध्ये शहाणी तेवढी एकच.

त्याआधी वर्षभर, ४ जून १७८४ला, लियाँमध्ये एलिझाबेथ तिब्ल नावाची बाई चित्रकार फ्लरांबरोबर वर गेली होती. सुट्या बलूनमधून आभाळात गेलेली ही पहिली स्त्री. मूळ जागा एका काउंटची, त्यानं ती हिला दिली. याच काउंटनं जानेवारीत त्या सातजणांच्या पडझडीचा अनुभव घेतला होता, हे लक्षात घेतलं की औदार्याचा अर्थ उलगडतो. तिब्लबाई मिनर्व्हा देवीच्या वेषात होत्या, शेगडीत पेंढा टाकत होत्या आणि वर ऑपेरातलं गात होत्या. खाली स्वीडनचा राजा मान वर करून ऐकतोय. उतरताना घोटा मुरगळला. कुणी काही बोललं नाही. का? देवीचा वेष होता ना! तेवढंच पथ्य सांभाळलं की सगळं चालतं.

पुरुषांच्या गोष्टींत असलं पथ्य नसतं. तोच ब्लांशार १७८५च्या जानेवारीत इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला. पैसे जॉन जेफ्रीज या बोस्टनच्या डॉक्टरचे, पण कीर्ती वाटून घ्यायची नाही म्हणून ब्लांशारनं कपड्यांआड शिशाचा पट्टा बांधला, म्हणजे वजन जास्त दाखवून डॉक्टरला मागे ठेवता येईल, अशी बातमी आहे. ते बिंग फुटलं. शेवटी ७ तारखेला दोघं गेले. मधोमध बलून खाली यायला लागला, तशी वाळू फेकली, नांगर फेकले, शोभेची वल्ही फेकली. तरी खाली. मग कोट. मग विजारी! आणि तेवढ्यानं भागेना म्हणून, डॉक्टरांनीच नोंदवून ठेवलंय, पोटातलं पाणीसुद्धा मोकळं केलं. फ्रान्सच्या किनाऱ्यापलीकडे जंगलात दोन थोर शास्त्रज्ञ विजारींशिवाय उतरले. त्यावर? सत्कार, मेजवान्या, राजाकडून ब्लांशारला वर्षासन. विजार नसलेल्या पुरुषांना वर्षासन, आणि दाराची दोरी बांधणाऱ्या बाईची चर्चा.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. पिलात्रनं तापलेली हवा आणि हायड्रोजन एकाच बलूनमध्ये बसवायचा अट्टहास केला. आग आणि हायड्रोजन, एकावर एक. १५ जून १७८५ला तो आणि त्याचा सोबती फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोसळून गेले. पहिलं उडणं त्याचं आणि पहिलं मरणंही.

यावर वेड थांबेल असं वाटलं? पॅरिसच्या पोलिसांनी १७८४मध्येच परवानगीशिवाय आगीचे बलून सोडायला बंदी केली होती, छपरं पेटू नयेत म्हणून. ते समजू शकतं. पण १७९८मध्ये आंद्रे-झाक गार्नेरँ या बलूनवाल्यानं जाहीर केलं की पुढच्या फेरीला आपण एका तरुणीला, नागरिक हेन्री असं तिचं नाव, सोबत नेणार. आणि पोलिसांनी बोलावणं धाडलं! विचारणा काय, तर इतक्या उंचीवरची विरळ हवा नाजूक स्त्रीदेहाला झेपेल का? आणि दुसरं, दोघं इतक्या जवळ, इतक्या वर, नैतिकतेचं काय? तेही क्रांती होऊन गेलेली, राजाचं मुंडकं उडवून झालेलं, देवळांची सभागृहं झालेली असताना. सगळं उलथवलं, एवढं एक शिल्लक राहिलं होतं. बंदी आली. गार्नेरँ वरपर्यंत गेला, मंत्र्यांपर्यंत. शेवटी निवाडा मिळाला की दोन भिन्नलिंगी व्यक्ती एकत्र बलूनमध्ये चढण्यात, त्यांनी एकत्र घोडागाडीत चढण्यापेक्षा अधिक गैर असं काही नाही. गाडीत काय काय चालतं हे ठाऊक असलेल्या पॅरिसनं यावर किती हसावं? ८ जुलैला मोंसो बागेतून दोघं गेले. नागरिक हेन्रीला काही झालं नाही. हवा झेपली.

चार महिन्यांनी, नोव्हेंबरात, गार्नेरँची विद्यार्थिनी आणि पुढे बायको झालेली झान लाब्रोस बलूनमधून वर गेली. एकटीच. सोबत ना चित्रकार, ना तरुण, ना नवरा. पॅरिसच्या कट्ट्यांवर काही क्षण शांतता पसरली असेल. बोलायचं तरी काय? कुणाबरोबर गेली हा प्रश्नच उरला नाही.

पण बोलणाऱ्यांचं नशीब जोरावर. पुढच्या ऑक्टोबरात बातमी आली की हीच बाई आता बलूनमधून उडी मारणार, खाली कापडाची छत्री उघडून. नऊशे मीटरवरून! आणि गर्दी जमायच्या आधीच प्रश्न तयार होता: उडी मारेल ती मारेल, पण खालून बघणाऱ्यांसमोर झग्याचं काय?